अर्धवट राहिलेलं भरतकाम पुन्हा हातात घेताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

१९९६ साली माझ्या रुखवतासाठी मी मॅटीवर, म्हणजे चौकड्या मोजून भरायच्या सुती कापडावर, एक टेबलक्लॉथ भरायला घेतला. कडेने क्रॉस स्टिचची गुलाबाची वेल, चार कोपऱ्यांत चार मोठे गुच्छ. रुखवतात तो मांडला गेला नाही, कारण तोवर दोनच कोपरे झाले होते. पुढची पंचवीस वर्षं तो आधी माहेरच्या ट्रंकेत आणि मग माझ्या कपाटाच्या वरच्या खणात पडून होता. २०२१ मध्ये तो पूर्ण झाला. तेव्हापासून भिशीतल्या मैत्रिणी, नात्यातल्या वहिनी, कुणाकुणाच्या सुना आपापली गाठोडी घेऊन येतात आणि साधारण तेच प्रश्न विचारतात. ते प्रश्न आणि माझी उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

गाठोडं सापडलं. सगळ्यात आधी काय करू?

सुई घेऊ नका. पहिल्या दिवशी फक्त बघा.

कापड रिंगमध्ये अडकलेलं असेल तर आधी रिंग सोडवा. कापडात सुई, टाचणी किंवा पिन राहिली आहे का ते हाताने नाही, डोळ्यांनी शोधा. गंजलेली सुई ओढून काढलीत तर गंज दोऱ्यांवर पसरतो आणि कापडही फाटू शकतं. ती तुकडे करून किंवा हळूहळू फिरवत काढा. मग कापड खिडकीशी धरून उजेडात पाहा. कसरीची भोकं, घडीवर विरलेल्या रेषा लगेच दिसतात. घडीच्या ठिकाणी दोन्ही हातांनी अगदी हलका ताण द्या. कुरकुरल्यासारखा आवाज आला किंवा धागे सरकले तर तिथे कापड थकलंय. अशा कापडावर पुन्हा रिंग घट्ट बसवायची नाही.

मग दोन्ही बाजूंचे फोटो काढा. सोबत जे जे सापडेल, म्हणजे दोऱ्यांच्या लड्या, त्यावरच्या कागदी पट्ट्या, डिझाइनचा कागद, मासिकातून फाडलेलं पान, ते सगळं एका डब्यात ठेवा. बहुतेक घरांत हा डबा परदेशी बिस्किटांचा निळा गोल डबाच असतो आणि त्यात बिस्किटं कधीच नसतात.

काम नेमकं का थांबलं होतं, हे शोधण्याची गरज आहे का?

माझ्या मते हाच सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे, आणि तो मला कुणी विचारत नाही. मीच समोरच्या बाईला विचारते.

सगळ्याजणी सांगतात, “वेळच मिळाला नाही.” मीही पंचवीस वर्षं हेच सांगत होते. लग्न झालं, मग मुलगा झाला, नोकरी होतीच. पण त्याच काळात मी दोन स्वेटर विणले, सोसायटीच्या हळदीकुंकवाला पन्नास बटवे शिवले. म्हणजे वेळ होता. टेबलक्लॉथ उघडला तेव्हा दुसऱ्या बाजूच्या वेलीवर एक सेफ्टी पिन लावलेली दिसली आणि सगळं आठवलं. त्या जागी मी एक चौकडी जास्त सोडली होती. मॅटीवर एक चौकडी चुकली की वेल चारी बाजूंनी फिरून पहिल्या कोपऱ्याशी जुळत नाही. ती चूक सापडली तेव्हा पुढे हातभर वेल भरून झाली होती. मी खुणेची पिन लावली, “उद्या उसवू” म्हटलं आणि घडी घातली.

काम कंटाळ्याने थांबलं असं आपण म्हणतो, पण बहुतेक वेळा ते एका ठरावीक जागी अडलेलं असतं. दोरा संपला आणि तो नंबर दुकानात नव्हता. पुढे एकाच रंगाची भलीमोठी पार्श्वभूमी भरायची होती. जो टाका येत नव्हता त्याची जागा आली. एका मैत्रिणीची साडी तर फक्त काठ आला म्हणून थांबली होती: काठाचं कापड जाड, सुई जाईना. ती अडलेली जागा शोधा. तिथला प्रश्न सुटल्याशिवाय कितीही उत्साहाने बसलात तरी हात दोन दिवसांत पुन्हा त्याच जागी येऊन थांबेल.

पण हे पूर्ण करायलाच हवं का?

नाही. वीस वर्षांपूर्वीच्या आपल्या आवडीचं ओझं आज कशाला वाहायचं? टीव्हीवर घालायचं कव्हर भरत होता आणि आता टीव्ही भिंतीला टांगलाय, तर ते कव्हर पूर्ण करून काय करणार? त्यातला पूर्ण झालेला मोर कापून उशीच्या अभ्र्यावर लावता येतो. सहा रुमालांच्या सेटमधले चारच झाले असतील तर तो चारचा सेट आहे असं म्हणायचं. एका वहिनींनी राधाकृष्णाच्या चित्रातली फक्त राधा पूर्ण झालेली तशीच फ्रेम करून लावली आहे. बाकीची जागा कोरी. मला ती फार आवडते.

कापड कुणाला द्यायचं असेल तर दोऱ्यांच्या नंबरांसकट द्या. नुसतं कापड दिलंत तर ते दुसऱ्या कपाटात पडून राहील, एवढाच फरक.

आधी धुवायचं की काम झाल्यावर?

मोजून भरायचं काम असेल, म्हणजे मॅटीवरचा क्रॉस स्टिच किंवा कर्नाटकी कशिदा, तर आधी धुवा. कापडावर रेखाटलेलं काही नसतं, त्यामुळे पुसलं जाण्यासारखं काही नाही. जुनी धूळ आणि हाताचं तेल कापडात असताना त्यावर नवे टाके घातले की ती मळ टाक्यांखाली अडकून बसते.

छापलेलं किंवा ट्रेस केलेलं डिझाइन असेल तर थांबा. खाक्याची, म्हणजे भोकं पाडलेल्या कागदातून उमटवलेल्या डिझाइनची, नीळ पहिल्या पाण्यातच जाते. आधी उरलेलं डिझाइन बटर पेपरवर उतरवून घ्या, मग धुवा.

धुण्याआधी प्रत्येक रंगाची परीक्षा घ्या. पांढऱ्या सुती फडक्याचा कोपरा ओला करून उलट बाजूच्या टाक्यांवर मिनिटभर दाबून धरा. फडक्यावर रंग आला तर ते कापड घरी पाण्यात घालायचं की नाही याचा दोनदा विचार करा. रेशमी कापड असेल तर माझ्याकडून एकच सल्ला: ड्रायक्लीन. पूर्वी रेशीम रिठ्याच्या पाण्यात धूत, आजही धुता येतं, पण त्यावर जुनं रंगीत भरतकाम असेल तर मी धाडस करत नाही.

सुती असेल तर परातीत कोमट पाणी, सौम्य पातळ साबण. चोळायचं नाही, पिळायचं नाही, फक्त तळहाताने दाबायचं. पाणी चहासारखं होतं, घाबरू नका. पाणी स्वच्छ येईपर्यंत बदलत राहा. मग जाड टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा आणि सावलीत आडवं पसरून वाळवा.

गंजाचे, रिंगचे आणि पिवळे डाग जातात का?

गंजाचा डाग ब्लीचने जात नाही, उलट पक्का होतो. पांढऱ्या सुती कापडावर लिंबाचा रस आणि मीठ लावून काही वेळ ठेवलं, मग भरपूर पाण्याने धुतलं की फिका होतो. रंगीत टाक्यांच्या जवळ असेल तर कापसाच्या बोळ्याने फक्त डागावर लावा. माझ्या सेफ्टी पिनेचा डाग तीन वेळा लिंबू लावूनही पूर्ण गेला नाही. शेवटी मी त्यावर एक जास्तीची कळी भरली.

रिंगचा गोल वळ बहुतेक वेळा साध्या पाण्यात भिजवून निघतो. लाकडी रिंगचा तपकिरी डाग पडला असेल तर तो हट्टी असतो. घडीवरचा पिवळेपणा पाणी बदलत बऱ्याच तासांच्या भिजवणीने निम्म्याहून कमी होतो. बाकीचा वयाचा म्हणून सोडून द्यावा.

धुताना लाल रंग उतरला आणि पांढऱ्या कापडावर गेला. आता?

वाळू देऊ नका आणि इस्त्रीच्या जवळपास नेऊ नका. ओलं असतानाच गार पाण्यात बुडवून ठेवा, पाणी गुलाबी झालं की बदला. रात्रभर सुद्धा चालेल. वाळला की रंग बसतो.

मीठ किंवा व्हिनेगर टाकून रंग “पक्का” होतो असं आपल्याकडे सर्रास सांगतात. सुती दोरा रंगवताना रंग दोऱ्याकडे वळावा म्हणून मीठ वापरतात हे खरं. पण रंगवून झालेल्या, सुटा रंग राहिलेल्या दोऱ्याला घरच्या बादलीतलं मीठ धरून ठेवत नाही. त्यापेक्षा भरपूर पाणी बरं.

दोरा कमी पडतोय आणि नंबर माहीत नाही. तोच रंग मिळेल का?

तोच कदाचित मिळेल, पण तसाच दिसेल याची खात्री नाही.

अँकर किंवा डीएमसी यांची लडी साधारण आठ मीटरची असते, दोरा सहा पदरी. लडीवरच्या कागदी पट्टीवर रंगाचा नंबर असतो. डब्याच्या तळाशी, डिझाइनच्या कागदाच्या घडीत, कापडाला टाचलेली अशी कुठे ना कुठे पट्टी सापडते. नंबर सापडला तर निम्मं काम झालं. दोन कंपन्यांचे नंबर वेगळे असतात: अँकरचा काळा ४०३, डीएमसीचा काळा ३१०. एका कंपनीचा नंबर दुसरीत बदलून देणारे तक्ते मिळतात, पण ते जवळच्या रंगाचे असतात, हुबेहूब नसतात.

आता खरी गोम. तुमचा जुना दोरा उजेडाने, धुण्याने, नुसत्या वयाने बदललेला असतो. कापड उलटून पाहा: मागच्या बाजूचा रंग गडद आणि ताजा दिसेल. दुकानात नेताना बायका मागची बाजू जुळवतात, कारण तोच “खरा” रंग. तसं करू नका. नवा दोरा पुढच्या बाजूला जुन्या टाक्यांशेजारी बसणार आहे, म्हणून पुढच्या बाजूशी जुळवा. कधीकधी मूळ नंबरापेक्षा एक छटा फिका नंबर जास्त जुळतो. आणि दुकानातल्या ट्यूबलाइटखाली ठरवू नका, लडी आणि कापड घेऊन दुकानाच्या पायरीवर या. काही रंग दिव्यात जुळे आणि उन्हात चुलत भाऊ निघतात. पुण्यात मी रविवार पेठेत जाते, मुंबईच्या मैत्रिणी दादर-भुलेश्वर करतात. जुन्या दुकानदाराला कापड दाखवलं की तो खण उघडून तीन लड्या पुढ्यात टाकतो आणि त्यातली एक बहुधा बरोबर असते.

तरीही फरक राहिलाच तर तो लपवायचे मार्ग आहेत. थोडा जुना दोरा उरला असेल तर तो जुन्या भागाला लागून असलेल्या टाक्यांसाठी राखून ठेवा आणि नवा लांबच्या भागात वापरा. मधल्या पट्ट्यात एक पदर जुना, एक नवा असे मिळून भरा. किंवा सरळ नवा रंग ठरवून वापरा: चारी कोपऱ्यांत सारखाच आला तर लोकांना तो डिझाइनचा भाग वाटतो. सगळ्यात वाईट म्हणजे एका फुलाच्या मधोमध रंग बदलणं. फूल पूर्ण जुन्यात किंवा पूर्ण नव्यात. माझी हिरवी नेमकी मिळाली नाही. शेवटच्या कोपऱ्यातल्या गुच्छाची पानं थोडी गडद आली आणि ती मला खोलीच्या दुसऱ्या टोकावरूनही दिसत होती.

एवढ्यासाठीच आता नवं काही सुरू करताना लागतील त्यापेक्षा दोन लड्या जास्त घेते, आणि सगळ्या एकदमच. एकाच नंबरच्या वेगवेगळ्या वेळी रंगवलेल्या लड्यांत उन्नीस-बीस असतंच.

परदेशात राहते. मॅटी मिळत नाही, काय करू?

आयडा घ्या. त्यात इंचाला ११, १४, १६, १८ चौकड्या अशी कापडं मिळतात. आपल्या मॅटीच्या तुकड्यावर पट्टी ठेवून इंचात किती चौकड्या बसतात ते मोजा आणि त्याच्या जवळचं घ्या. आयडा मॅटीपेक्षा कडक असतो, धुतल्यावर नरमतो. मात्र अर्ध्या भरलेल्या मॅटीला आयडाचा तुकडा जोडू नका. शिवण दिसते आणि चौकड्याही जुळत नाहीत.

डिझाइन पुसलं गेलंय. उरलेला भाग कसा काढू?

पूर्ण झालेला भाग हाच तुमचा खाका. भरलेल्या फुलावर बटर पेपर ठेवून पेन्सिल आडवी धरून हलकेच घासा, टाक्यांच्या कडा उमटतात. त्या रेषा नीट करून घ्या, हवं तर कागद उलटा करून दुसऱ्या बाजूचं फूल मिळवा. मग तो कागद कापडावर टाचून खाली कार्बन ठेवा: फिक्या कापडावर निळा, गडद कापडावर पिवळा किंवा पांढरा. दाबून नका काढू, कार्बनचा मेणकट डाग सहज जात नाही.

मोठं आणि एकसारखं डिझाइन असेल तर खाका बरा. ट्रेसिंग पेपरवरच्या रेषांना सुईने बारीक भोकं पाडायची आणि रॉकेलमध्ये कालवलेली नीळ किंवा पांढरी पूड बोळ्याने घासायची. रॉकेल आता सहज मिळत नाही, म्हणून छपाई करून देणाऱ्या दुकानातच देते.

पाण्याने पुसल्या जाणाऱ्या निळ्या पेनाने रेखाटलंत तर धुण्याआधी इस्त्री फिरवू नका, रेषा कायमच्या बसतात. आणि इस्त्रीने गायब होणाऱ्या शाईच्या पेनांना भरतकामासाठी मी हातही लावत नाही. त्या रेषा थंडीत परत उगवतात. पुण्यात नाही उगवणार, पण उशी तुम्ही कॅनडातल्या मुलीला पाठवाल तेव्हा उगवतील.

चूक सापडली आहे. उसवायचं का?

स्वतःला तीन गोष्टी विचारा. ही चूक पुढच्या मोजणीला धक्का देणार आहे का? तीन फुटांवरून दिसते का? आणि कापड उसवणं सोसेल का? पहिल्याचं उत्तर “हो” असेल तर काहीतरी करावंच लागेल. नुसतं दुसऱ्याचं “हो” असेल तर तुमच्या स्वभावावर आहे. तिसऱ्याचं “नाही” असेल तर प्रश्नच मिटला.

माझी एका चौकडीची चूक उसवायची तर जवळजवळ हातभर वेल उसवावी लागणार होती. मी तीन संध्याकाळी कागदावर चौकड्या मोजत बसले. शेवटी लक्षात आलं की उसवण्याची गरज नाही, फक्त चौथ्या बाजूला ती एक चौकडी कुठेतरी जिरवायची आहे. तिथे एका पानाचा देठ एक चौकडी लांब केला. वेल पहिल्या कोपऱ्याशी चपखल जुळली. ज्या गोष्टीने पंचवीस वर्षं काम रोखलं, ती एका देठात मावली. त्या दिवशी मला आनंदापेक्षा रागच जास्त आला.

दोन-तीन चौकड्यांपर्यंतची चूक अशी देठ, पाकळी, दोन फुलांमधली मोकळी जागा यांत जिरवता येते. त्याहून जास्त असेल तर कोपऱ्यात. बाजूच्या मध्यावर वेल तोडून तिथे एखादं फूल किंवा नाव घालण्याची युक्तीही जुनी आहे.

उसवायचंच असेल तर उलट बाजूने, बारीक टोकाच्या कात्रीने एकेक टाका कापा आणि पुढून चिमट्याने दोरा काढा. दोरा ओढून लांबच्या लांब काढू नका, मॅटीचे धागे सरकतात. उरलेला भुसा चिकटपट्टीने उचलला जातो. उसवलेला दोरा पुन्हा वापरायचा मोह टाळा, त्यावर लव येते आणि नव्या दोऱ्याशेजारी तो मेलेला दिसतो. मॅटीवरची भोकं सुईच्या टोकाने धागे सारखे करून आणि धुतल्यावर बुजतात. घट्ट विणीच्या कापडावर ती राहतात, तिथे तेवढ्याच जागी पुन्हा टाका घालणं हाच उपाय.

नवे टाके जुन्यांसारखे दिसत नाहीत. हात बिघडला का?

हात बिघडत नाही, बदलतो. कॉलेजच्या वयात मी दोरा ताणून भरत होते, जुने टाके लहान आणि कडक आहेत. आता हात सैल पडतो. म्हणून मूळ कापडाला लगेच हात लावू नका. त्याच मॅटीच्या तुकड्यावर, तेवढेच पदर घेऊन आठवडाभर भरा. जुन्या टाक्यांशेजारी तुकडा ठेवून पाहा. जुळू लागलं की मगच पुढे.

आधी जुन्या टाक्यांचं बारकाईने निरीक्षण करा. किती पदर घेतले होते? फुलीचा वरचा टाका डावीकडे झुकतो की उजवीकडे? क्रॉस स्टिचमध्ये सगळ्या फुल्यांचा वरचा टाका एकाच दिशेला हवा, नाहीतर उजेड वेगवेगळा पडून भाग पॅचसारखा दिसतो. साखळी टाका असेल तर कडी किती लांब आहे? देठ टाक्यात दोरा सुईच्या वर धरला होता की खाली?

बाकी दोन साध्या गोष्टी. दोरा हातापासून कोपरापर्यंत, त्याहून लांब घेतला की गुंततो आणि कापडातून पुन्हा पुन्हा जाऊन लव धरतो. आणि मॅटीवर बोथट टोकाची सुई, बारीक विणीच्या कापडावर टोकदार. सुईचा नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक, हे दुकानात गेल्यावर उलटं वाटतं.

चाळिशी लागली, चौकड्या दिसतच नाहीत.

मलाही. आधी डोळे तपासून घ्या आणि भरतकामाच्या अंतरासाठी वेगळा चष्मा मागा. वाचनाच्या चष्म्याचं अंतर बऱ्याचदा जुळत नाही. दिवा डाव्या खांद्याच्या मागून घ्या (डावखुऱ्यांनी उजव्या). पांढऱ्या मॅटीखाली मांडीवर गडद रंगाचा टॉवेल ठेवा, भोकं एकदम दिसू लागतात. काळ्या कापडाला पांढरा टॉवेल. हे मला कुणी वीस वर्षं आधी सांगितलं असतं तर!

सुया सकाळच्या उजेडात आठ-दहा एकदम ओवून ठेवते. रात्री ओवत बसण्यातच अर्धा उत्साह जातो.

किती दिवस लागतील?

अंदाज करता येतो आणि करावाच. मी उरलेल्या फुल्या मोजल्या: सुमारे ८,४००. घड्याळ लावून पाहिलं, अर्ध्या तासात ७५ फुल्या व्हायच्या. म्हणजे रोज अर्धा तास बसले तर ११२ दिवस. प्रत्यक्षात सात महिने लागले, जानेवारी ते ऑगस्ट, कारण लग्नं, आजारपणं आणि एक अख्खा मे महिना लोणची-पापडांत गेला. मनातला “हे कधीच संपणार नाही” हा आकडा ११२ पेक्षा खूप मोठा होता, एवढं नक्की.

कापड दिसेल असं ठेवा. कपाटात घडी करून ठेवलंत तर ते पुन्हा मुक्कामाला जाईल. मी सोफ्याशेजारी टोपलीत ठेवत होते, वर पातळ फडकं टाकून. आणि उठताना कधीच फूल पूर्ण करून उठू नका. चार टाके बाकी ठेवा. दुसऱ्या दिवशी कुठून सुरू करायचं हे ठरवावं लागत नाही.

माझ्याकडे अर्धवट कर्नाटकी कशिद्याची इरकल साडी आहे. हेच नियम लागू?

नाही, तो प्रकारच वेगळा. कर्नाटकी कशिदा म्हणजे कसुती, ती धारवाडकडची, त्यात डिझाइन छापत नाहीत, कापडाचे धागे मोजून भरतात. गवंती, मुरगी, नेगी आणि मेंथी हे त्याचे चार टाके. गवंती आणि मुरगीत धावदोरा घालत पुढे जायचं आणि त्याच वाटेने परत येत मोकळ्या जागा भरायच्या, म्हणजे दोन्ही बाजूंना सारखं दिसतं. गाठ कुठेच मारत नाहीत.

म्हणून अर्धवट कशिदा उचलताना आधी हे शोधा की काम जाताना थांबलंय की परतताना. टाके एकाआड एक दिसत असतील तर परतीचा फेरा बाकी आहे; लोंबणारा दोरा तसाच असेल आणि मजबूत असेल तर त्यानेच परता. गोपूर, तुळशीवृंदावन, पालखी अशा नक्ष्यांमध्ये मधोमध अडकलेली असाल तर पूर्ण झालेल्या अर्ध्याची आलेखाच्या कागदावर नोंद करा आणि दुसरी बाजू त्यावरून मोजा. पदरावरचं काम मला स्वतःला नीट जमत नाही. माहेर सांगलीचं असलेल्या एका मैत्रिणीकडे ते पाठवते.

आईचं अर्धवट काम आहे. ती नाही. मी पूर्ण करावं का?

हा प्रश्न विचारणाऱ्यांना मी लगेच उत्तर देत नाही. काहीजणींना तिची सुई जिथे अडकली आहे तिथेच राहू द्यायची असते, आणि तेही बरोबर आहे. पूर्ण करायचं ठरलं तर तिचा शेवटचा टाका कुठला ते आधी फोटोत टिपून ठेवा. काही महिन्यांनी तो ओळखू येत नाही. तिची चूक दुरुस्त करू नका. मागच्या बाजूला कोपऱ्यात दोघींची आद्याक्षरं आणि वर्षं घाला.

स्वतःला भरता येत नसेल तर भरणारी बाई शोधा, त्यात कमीपणा नाही. अमेरिकेत २०२२ साली दोन मैत्रिणींनी ‘लूज एंड्स’ नावाचा उपक्रम सुरू केला. कुणी गेल्यामुळे किंवा आजारपणामुळे अर्धं राहिलेलं विणकाम, भरतकाम स्वयंसेवक पूर्ण करून घरच्यांना परत देतात. आपल्याकडे हे काम अजून तरी आत्या, मावशी आणि शेजारच्या काकू करतात.

उलट बाजू फार गचाळ आहे.

असू द्या. सगळ्या घरांत एक मावशी असते जी आधी कापड उलटून पाहते. तिला चहा द्या.

काम संपलं. आता शेवटचं काय काय?

पुन्हा एकदा हलकं धुणं, कारण महिनोन्महिने हात लागलेला असतो. किंचित ओलं असतानाच जाड टॉवेलवर उलट बाजू वर ठेवून इस्त्री, म्हणजे टाके चपटे होत नाहीत. कडा दुमडून तुरपाई. कोपरे तिरके दुमडून शिवले की जाड होत नाहीत.

फ्रेम करायची असेल तर फ्रेमवाल्याला दोन गोष्टी बजावून सांगा: फेविकॉल नको आणि काच कापडाला टेकायला नको. गोंद काही वर्षांत पिवळा पडतो, आणि पावसाळ्यात टेकलेल्या काचेखाली बुरशी धरते. कापड पाठीमागच्या पुठ्ठ्यावर दोऱ्याने ताणून बसवायला सांगा.

ठेवायचं असेल तर प्लॅस्टिकच्या पिशवीत नाही. धुतलेल्या जुन्या मलमलीत गुंडाळी करून ठेवा, घडी नको. डांबर गोळ्या कापडाला टेकू देऊ नका. मी वेखंडाचे तुकडे आणि वाळलेला कडुनिंब पुरचुंडीत बांधून ठेवते. पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबरात, एकदा बाहेर काढून हवा द्या.

एवढ्या मेहनतीचं आहे, वापरायला जीव होत नाही. डाग पडला तर?

वापरा. पंचवीस वर्षं कपाटात ठेवून काय झालं ते आपण पाहिलंच.

डाग पडणारच. चहाचा असेल तर लगेच गार पाणी. तेलाचा असेल तर आधी तांदळाचं पीठ किंवा टाल्कम पावडर. हळदीचा असेल तर सगळ्यात आधी इतरांना साबण लावण्यापासून रोखा. काम पूर्ण झालं त्या वर्षीच्या भाऊबीजेला भाच्याने वरणाची वाटी नेमकी शेवटच्या कोपऱ्यात कलंडवली आणि वहिनीने प्रेमाने साबण चोळला. डाग लालभडक झाला. हळद साबणातल्या अल्कलीने लाल होते. साबण धुऊन टाकला की परत पिवळी. पिवळा डाग मग उन्हात जातो, हळदीचा रंग ऊन सहन करत नाही. बाकीच्या टेबलक्लॉथवर जाड चादर टाकून मी फक्त तो कोपरा ओला करून गॅलरीत उन्हात धरला, तीन दिवस, दुपारी दोन-दोन तास. चौथ्या दिवशी डाग दिसेना. गुच्छातली नव्या दोऱ्याची गडद पानंही किंचित उतरली होती. आता ती बाकीच्या तीन कोपऱ्यांशी बऱ्यापैकी जुळतात.